दोन पोती आणि वर थोडं

"गोळ्या वेळेवर घ्या आणि चांगलंचुंगलं खा." टीबीच्या पेशंटला हे ऐकवणाऱ्यांत मीही होतो. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना टीबी झाला, तेव्हा त्याच्या आईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजी, अंडी आणते, ती ह्यांनाच देते. आम्ही तिघं भाकरी-आमटीवर भागवतो." मला ते शहाणपणाचं वाटलं. वर्षभरात त्या मुलाच्या थोरल्या बहिणीलाही टीबी झाला. घरातच लागण झाली असणार, म्हणून मी विषय सोडून दिला.

झारखंडमधल्या 'राशन्स' या अभ्यासाबद्दल वाचलं आणि ती अंडी आठवली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात २८०० पेशंटना औषधांबरोबर दरमहा दहा किलो शिधा दिला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल... त्यांच्या घरातली माणसं दहा हजारांवर. त्यांच्या एका गटाला माणशी महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, दुसऱ्या गटाला नाही. २०२३ साली निष्कर्ष आले. धान्य मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी! ना नवी लस, ना नवं औषध. डाळ-तांदूळ.

पेशंटच्या बाबतीतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी दिसले. (आता वजन वाढलं म्हणून वाचले, की वाचणारे होते म्हणून वजन वाढलं, हे मात्र त्यावरून ठरत नाही. शिधा सगळ्याच पेशंटना होता.)

दुसऱ्या गटातल्या घरांचं काय, हा प्रश्न मलाही टोचला. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं आपण बहुतेक सगळ्यांना दुसऱ्याच गटात ठेवलं होतं.

त्याला एक जुनं कारण आहे. आमच्या लहानपणी टीबी म्हटलं की मिरजेचं सॅनेटोरियम. हवा, विश्रांती, दूध-अंडी. १९५६ साली मद्रासला अभ्यास सुरू झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये, काही आपल्या दाटीवाटीच्या घरात, जेमतेम अन्नावर. औषधं दोघांना सारखीच. १९५९ च्या अहवालात दोन्हीकडचे पेशंट जवळपास सारखेच बरे झालेले दिसले. केवढं मोठं काम! लाखो माणसं घरी राहून बरी होऊ शकली. पण त्यातून अन्न दुय्यम आहे असाही अर्थ काढला गेला. पेशंट गोळ्यांनी बरा होतो हे खरंच. त्याच्या शेजारी अर्धपोटी झोपणाऱ्या पोरांना मात्र कुणी गोळ्या देत नव्हतं.

असो. पेशंटच्या खात्यात सरकार २०१८ पासून महिना ५०० रुपये भरू लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. चांगलंच आहे. घरच्यांसाठीचा शिधा मात्र 'निक्षय मित्र' म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपवलाय. मला हे पटत नाही. औषध आपण कुणाच्या दानतीवर सोडत नाही, मग ह्यालाच का? रेशनच्या दुकानातून हक्काने मिळायला हवं.

ती बाई आणि तिची दोन मुलं. माणशी साडेसहा किलो, सहा महिने. मी गणितच शिकवायचो. ११७ किलो होतात.