माळ्यावर पडलेला पाय

मधुमेहाने किंवा अपघाताने पाय गमावलेल्या माणसासाठी घरचे लोक पदरमोड करून कृत्रिम पाय आणतात आणि काही महिन्यांतच तो माळ्यावर जाऊन पडतो. मग घरात कुरबुर सुरू होते, "अब्बांना चालायचेच नाही." आम्हाला वाटते, दोष बहुतेक वेळा अब्बांचा नसतो, पायाचा असतो.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांनी साठच्या दशकात हेच पाहिले. पाश्चात्त्य बनावटीचा पाय मिळालेले रुग्ण पुन्हा कुबड्या घेत. त्या पायात लाकडाचा ताठ गाभा होता आणि वर बूट हवाच. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तो चालून जाई. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी वावरतो, चिखलातून शेतावर जातो. नमाजी माणूस मशिदीच्या दारात चप्पल काढतो आणि सज्द्यातून उठून पाय दुमडून बसतो. बुटाशिवाय न चालणारा, घोट्यात न वळणारा पाय त्याने काय करायचा? (वजूचा मसला आलिमांना विचारावा, आम्ही पाण्याने न बिघडणाऱ्या पायाबद्दल बोलत आहोत.)

तोड काढली रामचंद्र शर्मा या कारागिराने. शाळा जेमतेम झालेली, हातात मात्र कसब. आत सच्छिद्र रबर आणि लाकूड, बाहेरून कातडीच्या रंगाचे रबर, आणि सगळे साच्यात तापवून टायरसारखे पक्के केलेले. हा पाय सर्व बाजूंना थोडाथोडा वळतो. १९६८च्या सुमारास 'जयपूर फूट' आकाराला आला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र उस्तादांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही, याची आम्हाला खंत वाटते.

तरीही पाय बनला म्हणजे गरजूला मिळाला असे होत नाही. १९७५मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली, तेव्हा तो मोफत वाटला जाऊ लागला. नळीसाठी पुढे पाण्याच्या पाइपसारखे प्लॅस्टिक वापरात आले. पाय हलका आणि स्वस्त झाला. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर गोष्ट अवघड, कारण तेथे गुडघाही कृत्रिम लागतो. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याच समितीबरोबर स्वस्त गुडघा तयार केला.

मुंबईत हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. अशा ठिकाणी माप द्यायला जाल तेव्हा मुलाने किंवा जावयाने बोलू नये, ज्याचा पाय गेला त्याला बोलू द्यावे. घरात उठबस कुठे होते, शौचालय कसले आहे, नमाज जमिनीवर पढायची आहे का, जिने किती, हे त्यानेच सांगावे. सुरुवातीच्या महिन्यांत उरलेला पाय बारीक होत जातो, त्यामुळे आधी घट्ट बसणारा साचा सैल पडून घासू लागतो. तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो. तेवढ्यासाठी पाय माळ्यावर टाकू नये. मधुमेह असेल तर जखम झालेली कळतही नाही, म्हणून रोज रात्री पाय काढल्यावर घरातल्या कोणीतरी उजेडात कातडी नीट पाहावी.