गुप्तवार्ता आणि लोकप्रतिनिधी

2 सप्टेंबर 1963 रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी नेफातील पराभवाच्या चौकशीविषयी लोकसभेपुढे निवेदन केले. जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांचा मूळ अहवाल सुरक्षिततेस्तव प्रसिद्ध करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. परंतु शत्रूविषयीची माहिती संथपणे गोळा होत होती आणि ती कळविलीही मोघमपणे जात होती, ही कबुली त्यांनी भर सभागृहात दिली. तपशील गुप्त राहो, दोष मात्र लोकप्रतिनिधींना कळलाच पाहिजे, असा पायंडा देवराष्ट्रे गावच्या या सुपुत्राने त्या दिवशी घातला.

पण पायंडा म्हणजे कायदा नव्हे. तोच अहवाल अद्याप संवेदनशील आहे, असे उत्तर 2010 साली संसदेस मिळाले. 2014 साली एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगापुढे ठेवला, तरी सरकारची भूमिका बदलली नाही.

आपल्या राज्याचा अनुभवही निराळा नाही. मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने राम प्रधान व बालचंद्रन यांची समिती नेमली. हे प्रधान म्हणजे संरक्षण खात्यात चव्हाणांचे खाजगी सचिव होते तेच. परंतु केंद्रीय गुप्तचर संस्थांचा कारभार तपासण्याची मुभा या समितीस नव्हती. विधिमंडळापुढे प्रथम आला तो केवळ कार्यवाहीचा अहवाल. समितीचा अहवाल आला तो 2009 च्या डिसेंबरात, तोही त्यातील मजकूर बाहेर फुटल्यावर! त्या वर्षी गृहखाते सांभाळणारे जयंत पाटील आणि आर. आर. पाटील हे दोघेही सांगली जिल्ह्याचेच. तेव्हा प्रश्न व्यक्तींचा नाही, व्यवस्थेचा आहे.

केंद्रीय गुप्तचर विभागाचे मूळ 1887 सालचे, तर 'रॉ'ची स्थापना 1968 मधली. यांपैकी एकही संस्था संसदेच्या कायद्याने जन्मलेली नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानेही भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग हे दोन विषय सोडून त्यांना वगळले आहे. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणू पाहणारे मनीष तिवारी यांचे 2011 चे खाजगी विधेयक तसेच विरून गेले. परिणामी काय सांगायचे आणि काय झाकायचे, हे ज्याच्या देखरेखीखाली चूक झाली तोच ठरवितो. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, असा हा प्रकार आहे.

गुपिते फुटली तर हेरांचे प्राण जातील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच सर्व काही चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या सेनेटने 1976 साली आणि प्रतिनिधिगृहाने 1977 साली या कामासाठी खास समित्या नेमल्या. ब्रिटनने 1994 साली कायद्यानेच तशी सोय केली. या समित्या बहुतेक काम बंद दाराआडच करतात, आणि म्हणून तेथील गुप्तहेर खाती बुडाली नाहीत. आपल्या संसदेची अशी समिती अद्याप नाही.

ज्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे यांसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यास जवान पुरवीत आली, त्या जिल्ह्यास हा विषय दिल्लीचा म्हणून दूर सारता येणार नाही. मोघम माहितीची किंमत अखेर जवानांनाच चुकवावी लागते. माहिती वेळेवर का पोहोचली नाही, हे आमच्या वतीने कोणी तपासले, असा प्रश्न त्यांच्या घरच्यांनी केला, तर मंत्र्यांच्या मर्जीपलीकडचे उत्तर त्यांना मिळाले पाहिजे. ते कायद्यानेच मिळेल.