जुना संगणक भंगारात घालू नये

आपल्या शाळेतला जुना संगणक भंगारात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो दुरुस्त होतो आणि तोही स्वस्तात.

हा संगणक ४८६ जातीचा आहे. ही जात १९८९ साली निघाली. त्याची आठवण ठेवायची जागा म्हणजे रॅमच्या दोन हिरव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या कडेला ७२ चकचकीत रेघा असतात. त्या रेघा खाचेतल्या बारीक तारांना नीट टेकल्या तरच संगणक चालू होतो. पट्टी तिरकी घालून उभी केली की दोन्ही टोकांच्या क्लिपा टक्‌ करून बसतात. पण वर्षानुवर्षे प्लॅस्टिक कडक होते आणि क्लीप कटकन मोडते. मग पट्टी मागे कलते, पडदा काळाच राहतो आणि संगणक नुसता टीं टीं करतो.

आपला संगणक तसाच बंद पडला. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, फेकून द्या. पण माझा मामा रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतो. त्याने काय केले बघा. आधी प्लग काढला. मग लोखंडी पेटीला हात लावला, कारण अंगातली वीज पट्टीला लागली तर ती बिघडते. पट्टी बाहेर काढून तिच्या रेघा खोडरबरने हळूच पुसल्या. खाचेतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडली. एक तार वाकली होती, ती सुईने सरळ केली. मग पट्टी उभी करून ती आणि खाचेच्या टोकाचा खुंटा जाड दोऱ्याने आवळून बांधला. रबर बांधले नाही, कारण रबर उबेने वाळून तुटते. खर्च किती? खोडरबर आणि दोरा! संगणक सुरू झाला आणि पडद्यावर आकडे भराभर धावले.

काही लोक म्हणतात, तो हळू चालतो, त्यावर इंटरनेट नाही. हे खरे आहे. पण ऑफिसातला नवा संगणक गुरुजींच्या कामाचा. त्याला आम्ही हात लावायचा नाही. जुन्यावर मात्र आम्ही टायपिंग करतो, पाढे लिहितो. तो गेला तर आम्ही शिकायचे कशावर?

शिवाय जुन्या संगणकाच्या डागात शिसे असते. तांब्यासाठी त्याच्या वायरी नि पाट्या जाळल्या तर विषारी धूर होतो. म्हणून २०२२ साली सरकारने ई-कचऱ्याचे नवे नियम केले. पुढे कधी टाकायचाच झाला तर तो नियमाने द्यावा, उकिरड्यावर नको.

खाच जळली किंवा तडकली असेल तर मात्र दोऱ्याने भागत नाही. नवी खाच डाग देऊन बसवावी लागते. ते जाणत्या माणसाचे काम. मुलांनी एकट्याने पेटी उघडू नये. आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात प्लग काढल्यावरही वीज राहते.

आई फाटकी गोधडी शिवते, टाकत नाही. बाबा नांगराचा फाळ शेवटून घेतात. मग संगणकालाच का टाकायचे? पालकांनी येत्या शाळा समितीत हा विषय घ्यावा आणि संगणक चौथीच्या वर्गातच ठेवावा, ही नम्र विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी