अकरा मिनिटांचं रीळ

कॉलेजची फायनल सुरू आहे. मैदानाच्या कडेला चाळीस फोन वर. सगळ्यांचा अँगल एकच, सगळ्यांचं लक्ष बॉलवर. महिन्याभरात 'स्टोरेज फुल' आलं की त्यातलं निम्मं तुम्हीच उडवता. खरं की नाही?

आता एक किस्सा ऐका. अमेरिकेत एड सेबल नावाचे एक गृहस्थ ओव्हरकोटच्या धंद्यात होते. लग्नात भेट मिळालेल्या १६ मिलिमीटरच्या मूव्ही कॅमेऱ्यावर ते मुलाचे शाळेतले सामने शूट करायचे. १९६२ मध्ये या पठ्ठ्याने थेट एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, फायनलचे चित्रीकरण हक्क विकत घेतले! यांकी स्टेडियममध्ये त्या दिवशी कॅमेरे गारठतील अशी थंडी होती. तरी फिल्म झाली, लीगला आवडली आणि त्यातूनच पुढे 'एनएफएल फिल्म्स' उभी राहिली.

१६ मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ नेहमीच्या वेगाने चालतं जेमतेम अकरा मिनिटं. स्लो मोशनसाठी सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या, तर सव्वादोन मिनिटांत खल्लास. म्हणून बटण दाबण्याआधी डोकं चालवावं लागायचं. कॅमेरामनची कामंही वाटलेली होती. 'ट्री' उंचावर एका जागी उभा राहून खेळ टिपणार. 'मोल' हातात कॅमेरा घेऊन मैदानालगत फिरणार. आणि 'वीझल' बॉल सोडून बाकी सगळं बघणार : बेंचवरचे चेहरे, कोचची चिडचिड, चिखलाने माखलेले हात.

खरी गंमत पुढे आहे. जानेवारी १९६७ मधला पहिला सुपर बोल दोन चॅनेलनी दाखवला. टेप महाग होत्या, पण पुन्हा वापरता यायच्या. म्हणून दोन्हीकडच्या पुसल्या गेल्या. फिल्मवर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही, ती राहिली. २०१६ मध्ये लीगच्या चॅनेलने तो सामना परत दाखवला, तो हेच फिल्मचे तुकडे जोडून आणि त्यावर रेडिओचं समालोचन लावून.

'मग काय, आता फिल्म विकत घेऊ?' अजिबात नको. ती परवडायची नाही, आणि एनएफएल फिल्म्सही केव्हाच डिजिटलवर गेली. पण जे सहज पुसता येतं ते आपण सहज पुसतो, हे तेव्हा खरं होतं आणि आजही आहे. फोनने आपल्याला जागा भरपूर दिली, निवड मात्र आपणच सोडून दिली.

तेव्हा पुढच्या मॅचला एवढंच करा. चौघांनी कामं वाटून घ्या. प्रत्येकाला अकराच मिनिटं. एकाने बॉलकडे बघायचंच नाही. रात्री तारीख आणि नावं घालून क्लिप दोन ठिकाणी ठेवा. गोल कुणीतरी टिपेलच हो. पण शेवटच्या वर्षाचा तुमचा गोलकीपर हरल्यावर ग्लोव्हज काढत एकटा बसला होता, ते दहा वर्षांनी कुणाकडे सापडणार?