कुरळ्या केसांचे अभ्यंग

दिवाळी जवळ आली की घरोघरी तेलाच्या वाट्या बाहेर निघतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसायचे, आजीने टाळूवर तेल थापायचे आणि मग कढत पाण्याचे तांबे घ्यायचे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. बंब जाऊन गीझर आले, चाळी जाऊन वीस मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी ही तेलाची वाटी काही घरातून हलली नाही. तिचेच निमित्त करून यंदा एक अगदी घरगुती प्रश्न वाचकांपुढे मांडते. प्रश्न केसांचा आहे. पण फणी सुळकन खाली उतरते अशा केसांचा नव्हे. दाट, बारीक वळणांच्या, फणीचेच दात मोडतील अशा केसांचा.

घोडबंदर रोडवर आमच्या शेजारी काकूंची सहा वर्षांची नात राहते. काकूंची लेक नोकरीसाठी केनियात गेली, तिथल्याच एका सज्जन गृहस्थाशी तिने लग्न केले आणि दोन वर्षांपूर्वी सारे बिऱ्हाड ठाण्याला आले. मुलीचे डोळे आजीचे, हसणे आईचे, केस मात्र थेट बाबांचे! आईबाप दोघेही कामावर, तेव्हा डोके आजीच्या ताब्यात. लेकीच्या दोन वेण्या पाच मिनिटांत घालणारे काकूंचे हात इथे मात्र थबकले. दर रविवारी फणी, रडारड आणि मग आजी-नात दोघींचेही डोळे ओले.

सल्ले द्यायला शेजारीपाजारी तत्पर. एक म्हणाल्या, "गोटा करून टाका, नवे केस सरळ येतील." दुसऱ्या म्हणाल्या, "पार्लरमध्ये नेऊन सरळ करून आणा." त्यात शाळेतून निरोप आला, ‘केस नीट बसवून पाठवावेत.’ एवढे सगळे कानांवर पडल्यावर त्या पोरीने एके दिवशी विचारले, "आजी, माझे केस शहाणे कधी होणार?"

"ताई, आता हिला काय सांगू?" काकूंनी मला विचारले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

आधी शास्त्र पाहू. केस सरळ की वळणाचा, हे त्वचेखालच्या मुळाच्या आकारावर ठरते. मूळ वाकडे असले की केसही वळत वळत बाहेर येतो. वस्तऱ्याने वरचा केस जातो, मूळ जागच्या जागी राहते. म्हणून गोटा करून वळण जात नाही. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. वळणावळणाच्या केसावर ते वाटेतच अडते. त्यामुळे असे केस टोकांना कोरडे पडतात आणि ओढले की तुटतात. दिसायला राकट, पण खरे तर हे केस फार नाजूक. सरळ करण्याची रसायने टाळूला भाजू शकतात, आणि काही प्रकारांतून फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते. ती कर्करोगकारक मानली जाते. सहा वर्षांच्या टाळूवर असले प्रयोग नकोतच.

मग करायचे काय? काकूंनी बसवलेला क्रम सांगते.

केस रोज धुवायचे नाहीत. आठवड्यातून एकदा पुरे. धुण्याआधी तासभर, विशेषतः टोकांना, खोबरेल लावायचे. यात नुसती परंपरा नाही. रेळे आणि मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसांतले प्रथिन कमी वाया जाते, हा गुण खोबरेलात आढळला, कारण ते केसाच्या आतपर्यंत शिरते. मात्र टाळूवर खवले किंवा चिकट कोंडा असेल तर तिथे तेल न थापता डॉक्टरांना दाखवावे.

दिवाळीपुरती एक सूचना: उटणे केसांना लागू देऊ नये. त्याची पूड वळणांत अडकली की दोन दिवस निघत नाही. शिकेकाईचेही तेच. वापरायचीच असेल तर शेंगा उकळून पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. रिठा केस फार कोरडे करतो, तो टाळावा. आणि आमच्याकडे टँकर येतात, त्यांचे पाणी जड असले तर साबणाचा थर केसांवर बसतो. म्हणून साबण नको, सौम्य शांपू बरा.

आता गुंता. कोरड्या केसांत फणी घालायचीच नाही. केस ओले असताना भरपूर कंडिशनर लावावे, डोक्याचे चार भाग करावेत आणि एकेक भाग हाती घ्यावा. आधी बोटांनी मोकळे करावे, मग रुंद दातांची फणी. सुरुवात टोकांपासून, तिथला गुंता सुटला की थोडे वर, असे करत मुळाशी यावे. दुसऱ्या हाताने केस मुळाजवळ धरून ठेवावेत, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. रडणे थांबते ते इथे. नंतर टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. केस जरा ओलसर असतानाच दोन थेंब तेल लावून सैल वेण्या घालाव्यात. घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस मुळातून सैल होतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर पुन्हा उगवतही नाहीत. रात्री सुती अभ्र्यावर केस घासतात आणि सुकतात. काकूंनी जुन्या रेशमी साडीचा तुकडा उशीला शिवला आहे.

"माझे केस वाढतच नाहीत," अशीही मुलीची तक्रार होती. काकूंनी एक ओली बट हळूच सरळ करून दाखवली. ती खांद्याच्या खाली गेली आणि सोडताच टुणकन कानापाशी आली! तेव्हापासून हा खेळ दर रविवारी होतो.

आता माझ्या विषयाकडे वळते. मराठीची प्राध्यापिका म्हणून मला या प्रश्नात शब्दांचाही गुंता दिसतो. आपण बाळकृष्णाचे वर्णन करताना ‘कुरळे’ म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. तेच वळण अधिक दाट झाले की ‘झिपऱ्या’, ‘टोपले’, ‘घरटे’ असे शब्द तोंडी येतात. ‘हबशी’ हा शब्द तर कित्येक घरांत शिवी म्हणून वापरतात. मुळात तो हबश, म्हणजे आजचा इथिओपिया, या देशावरून आला. त्याच देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने वसवलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणारे सिद्दी मराठी-कानडी मिसळलेली कोकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. आमच्या घोडबंदरचे नावही अरबांशी चाललेल्या घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात, आणि इथला किल्ला बांधणारे पोर्तुगीज आफ्रिकेतून माणसे गुलाम करून याच किनाऱ्यावर आणत. तेव्हा असे केस आपल्याकडे काल विमानाने आले, असे समजायचे कारण नाही.

शाळेच्या नियमांचेही असेच आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत २०१६ साली विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली आणि तिथल्या सरकारला तो नियम स्थगित करायला लावावा लागला. कॅलिफोर्नियाने २०१९ साली अशा केसांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. इकडे काकू स्वतः शाळेत गेल्या. बाईंना म्हणाल्या, "केस स्वच्छ आहेत, बांधलेले आहेत, रिबीनही लावते. ते आडवे पडणार नाहीत, एवढेच." बाईंनी ऐकून घेतले, चार सैल वेण्या आता चालतात.

आणि मुलीच्या प्रश्नाचे उत्तर? तेही काकूंनीच दिले. म्हणाल्या, "केस शहाणेच आहेत, बाळ. आजीचे हात शिकत होते."

वाचकहो, फराळाला याल त्या घरी असे एखादे मूल भेटले, तर "अगबाई, हे खरे आहेत का?" म्हणत त्याच्या डोक्यात हात घालू नका. त्याच्या हातावर करंजी ठेवा आणि इतर मुलांना विचारता तेच विचारा: कितवीत आहेस, किल्ला केलास का? ही दिवाळी आपणां सर्वांस सुखाची जावो.