राखणदाराला घरी धाडू नका

परवा दुपारी शेजारच्या अण्णांचा फोन आला. ‘ताई, जरा येऊन जाता का? मेल येतात, पण माझा एकही जात नाही.’ नातीच्या वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी ५ च्या आत धाडायचा होता.

जाऊन बघते तर अर्ज थंडरबर्डच्या आउटबॉक्समध्ये अडकलेला आणि संगणकाची फायरवॉल चक्क बंद! ‘ती बंद करा, मेल जाईल,’ असं कुणीतरी सांगितलं आणि अण्णांनी सकाळीच ती बंद केली. त्यांच्या सूनबाई धारवाडच्या. त्या हसून म्हणाल्या, ‘अण्णा, कावलुगारालाच घरी धाडलात की!’

अगदी खरं. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दारावरचा राखणदार. ती बंद करूनही मेल जात नव्हता, म्हणजे दोष तिचा नव्हताच. मी आधी ती चालू केली आणि मग मेल पाठवण्याची सेटिंग्ज उघडली. तिथं पोर्ट होता २५, जुन्या संगणकावरून तसाच उचललेला. पोर्ट म्हणजे जाण्यायेण्याच्या दाराचा नंबर. २५ नंबरचं दार मुख्यतः एका मेल सर्व्हरनं दुसऱ्याला टपाल देण्यासाठी असतं. नको ते मेल पसरू नयेत म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर ते बंद ठेवतात. पोर्ट ५८७ केला, सुरक्षा ‘स्टार्टटीएलएस’ निवडली आणि पावणेपाचला अर्ज गेला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी हे नंबर तपासा. मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५. मेल आणायला आयमॅप असेल तर ९९३, पॉप असेल तर ९९५. तुमची मेलसेवा यातले कोणते वापरते ते तिच्या मदतीच्या पानावर मिळतं. पासवर्डच नाकारला जात असेल, तर तो प्रश्न खात्याचा आहे. त्यासाठी फायरवॉलला हात लावू नका.

विंडोजची स्वतःची फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. वेगळी बसवलेली फायरवॉल मात्र पहिल्या वेळी विचारू शकते, ‘याला जाऊ देऊ का?’ घाईनं बटण दाबू नका, नाव वाचा. तुम्ही आत्ताच उघडलेला मेलचा प्रोग्रॅम असेल तर परवानगी द्या. अनोळखी नाव दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि जाणकाराला विचारा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की हाच प्रश्न पुन्हा येऊ शकतो.

आणखी एक. मेलच्या प्रोग्रॅमला फक्त बाहेर जाण्याची परवानगी पुरते. मेल ‘येतो’ असं आपण म्हणतो खरं, पण पोस्टमन काही आपल्या दारात येत नसतो. आपला प्रोग्रॅमच सर्व्हरकडे जाऊन टपाल घेऊन येतो. तेव्हा बाहेरच्यांना आत यायची परवानगी मागितली, तर ती द्यायचं कारण नाही.

मात्र राखणदार दार बघतो, पाकीट फोडून वाचत नाही. बँकेच्या नावानं आलेलं खोटं पत्र त्याच्यासमोरून खुशाल आत येतं. ते ओळखायचं काम आपलंच.