थंडीच्या भाकिताचा ताळेबंद

दिवाळी सरून मार्गशीर्ष लागला, ज्वारी पोटरीत आली, गहू-हरभरा वर आला, कांद्याची रोपे वाफ्यात गेली, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यात (यास आता अहिल्यानगर म्हणतात) घरोघर एकच प्रश्न निघतो, की यंदा थंडी कशी पडणार व मध्येच आभाळ येऊन घात तर होणार नाही ना? उत्तर देणारांस तोटा नाही. पंचांग उघडून बसणारा पूर्वीपासून आहेच. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, तिने कोणते वस्त्र नेसले, यावरून तो फल सांगतो व शिधा घेऊन पुढच्या दारी जातो. आता त्याच्या जोडीला मोबाईलवर बोलणारे आले आहेत. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत जोराचा पाऊस, कांदा झाकून घ्या, असा निरोप वीस-पंचवीस दिवस आधी गावोगाव फिरतो. पंचांगवाल्याचे व यांचे वैर असो वा सख्य असो, एका गोष्टीत दोघे सारखेच आहेत. महिना सरल्यावर त्यांस कोणी विचारीत नाही, की बाबा रे, तू सांगितले काय आणि झाले काय?

न विचारल्याने नुकसान सांगणाराचे होत नाही, ते ऐकणाराचे होते. खोट्या भीतीने शेतकरी लाल कांदा कोवळा असतानाच उपटतो, साऱ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात येतो आणि भाव पडतो. कोणी नसत्या करप्यासाठी उधारीवर औषध आणून फवारतो. कुंभार थापलेल्या विटा झाकून धंदा बंद ठेवतो. दहा वेळा असे फसल्यावर अकराव्या वेळी खरा इशारा आला तरी कोणी कान देत नाही, आणि घात होतो तो तेव्हाच. सन २०२१ च्या डिसेंबरारंभी थंड वाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला, तेव्हा आमच्या व शेजारच्या पुणे जिल्ह्यात मेंढपाळांची शेकडो मेंढरे गारठून मेली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी पारनेर तालुक्यात गारांनी उभी पिके झोडपली. ही संकटे थट्टेची नव्हेत. म्हणूनच भाकिताची परीक्षा थट्टेवारी नेऊन चालणार नाही.

परीक्षा कशी करावी, यात मोठी मेख आहे. सन १८८४ त अमेरिकेत फिनले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तुफानी भोवऱ्यांची २,८०३ भाकिते केली व शेकडा ९६ हून अधिक बरोबर आली असे जाहीर केले. लोक थक्क झाले. पण एकाने हिशेब मांडला, की भोवरे आले फक्त ५१ वेळा. तेव्हा एखाद्याने डोळे मिटून रोज 'आज भोवरा नाही' म्हटले असते तर शेकडा ९८ बरोबर ठरला असता! फिनलेने भोवरा येणार म्हणून १०० वेळा सांगितले, त्यांतले २८ वेळा तो आला.

हीच युक्ती आपल्या पावसाला लावून पाहा. समजा, एकाने डिसेंबरचे चार दिवस पावसाचे म्हणून सांगितले. पाऊस एकच दिवस झाला व तोही पाचव्याच दिवशी. पाच दिवस चुकले, सव्वीस बरोबर. तो मिशांवर ताव देऊन म्हणेल, शेकडा ८४ खरे झाले. पण आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. येथे डिसेंबरात पाऊस क्वचितच. 'पाऊस नाही' एवढेच घोकणारा आमचा सालगडी तीस दिवस बरोबर येतो, म्हणजे शेकडा ९७! या गड्यावर ज्याने ताण केली नाही, त्याच्या विद्येची किंमत काय?

थंडी तरी कशाने पडते? रात्री आभाळ निरभ्र व वारा शांत असला म्हणजे जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाटे कडाका पडतो; उत्तरेचा कोरडा वारा सुटला तर तो अधिकच वाढतो. ढग आले की ते घोंगडीसारखे ऊब धरून ठेवतात. बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आला म्हणजे असे आभाळ येते. मग गव्हाला लागणारी थंडी जाते व ज्वारीवर चिकटा पडतो. हे वारे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी ओळखता येतात. पण लॉरेंझ या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखविले, की हवेतील बारीकसा फरकही वाढत वाढत सारे चित्र पालटतो. दोन आठवड्यांपलीकडे अमुक तारखेचे सांगणे शास्त्रालाही साधत नाही. म्हणून सरकारी हवामान खाते पुढल्या महिन्याविषयी बोलते, तेव्हा रात्री सरासरीहून उबदार की गार राहण्याचा संभव किती, एवढेच सांगते. ते बोलणे मिळमिळीत वाटते खरे, पण प्रामाणिक आहे. अर्थात खात्यालाही सूट नको, त्याचेही तपासावे. मेंढपाळाला मात्र महिन्याचे भाकीत नकोच आहे, त्याला दोन दिवस आधीचा पक्का इशारा वाड्यावर पोचलेला हवा.

आमची सूचना साधी आहे. गावच्या शाळेत एक वही घालावी. महिना लागण्यापूर्वीच पंचांगाचे, मोबाईलवाल्याचे, खात्याचे, आणि गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याचेही सांगणे तारखेसह तीत लिहून घ्यावे. 'काही ठिकाणी', 'बहुधा' असली पळवाट ठेवली असेल तर तीही जशीच्या तशी लिहावी. रोज पहाटेचा पारा, आभाळ व पाऊस मुलांनी टिपावा. पारा सावलीत टांगावा, पत्र्याखाली नव्हे. मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडाही शेजारी लिहावा. वर आमच्या सालगड्याचा एक रकाना असावाच. थंडीबाबत त्याचे उत्तर एकच, 'नेहमीसारखी', आणि नगरकडे डिसेंबरात नेहमीची पहाट म्हणजे सुमारे १२ अंश.

महिनाअखेर चावडीवर वही मोठ्याने वाचावी. ज्या गावी अशी वही होईल तेथील मंडळींनी तिचा गोषवारा आमच्याकडे पाठवावा. खरे ठरलेले तेवढेच निवडून पाठवू नये, फसलेलेही त्याच कागदावर असावे.